उलटा देठ

माझ्या नणंदबाईंनी उभं आयुष्य उभ्यानेच काम केलं. खुर्चीत बसून केलं ते शेवटचे दोन हंगाम, आणि नेमके तेच त्यांना बाधले.

मी त्यांना वन्सं म्हणत असे. ह्यांच्या त्या थोरल्या बहीण. त्यांचा नवरा एके सकाळी कामावर म्हणून गेला आणि दुसऱ्याच संसारात जाऊन उगवला. मग कडेवर मूल आणि हातात ट्रंक घेऊन त्या आमच्या दोन खोल्यांत आल्या. माझं लग्न तेव्हा नवंच होतं. "थोडे दिवस राहीन, वहिनी," असं त्या दारातच म्हणाल्या होत्या. ती ट्रंक अजून माझ्या पलंगाखाली आहे.

बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर फळं भरण्याची एक लांबलचक शेड आहे. पत्र्याचं छप्पर, सिमेंटची जमीन, आणि एका टोकाला जाड दारांच्या थंड खोल्या. बागांतून नासपती येतात, धुतल्या जातात, पट्ट्यावरून आकाराप्रमाणे वेगळ्या होतात, बायका त्या पुठ्ठ्याच्या पेट्यांत लावतात. पेट्या थंड खोलीत मुरतात आणि फळ गाभ्यापर्यंत गार झालं की ज्या थंड कंटेनरला तिथे सगळे रीफर म्हणतात त्यात चढतात. रीफर बोटीवर जातो आणि पुढचे काही आठवडे समुद्रात असतो. वन्सं त्या शेडमध्ये भरणीच्या टेबलाशी लागल्या आणि तिथेच म्हाताऱ्या झाल्या.

भर उन्हाळ्यात स्वेटर वाळत घालणारं आमच्या गल्लीत आमचं एकच घर. शेजारच्या बाई एकदा विचारायलाही आल्या होत्या, कुणाला ताप आहे का म्हणून. वन्सं घरी आल्या की चहाचा कप आधी दोन्ही तळहातांत धरून बसायच्या. चहा निवायचा, मग तो प्यायच्या. मी पुन्हा गरम करून देते म्हटलं तर म्हणायच्या, "चहा बोटांनी प्यायला, आता तोंडाने काय उरलंय."

लोकांना वाटतं रीफर म्हणजे मोठा फ्रीज. काहीही ऊन आत ढकला, गार होऊन निघेल. तसं नसतं. वन्संच्या भाषेत सांगायचं तर, "रीफर सासूसारखा, वहिनी. माहेराहून जे आणाल ते कुलपात ठेवील, स्वतःचं काही घालायची नाही." माझी सासू म्हणजे त्यांची आई, म्हणून मी यावर काही बोलत नसे. पण मुद्दा खरा होता. गार फळ आत गेलं तर गार राहतं. ऊन फळ गेलं तर बाहेरची साल थंड होते आणि गाभा आतल्या आत तपकिरी पडत जातो. वरून बघाल तर फळ देखणं असतं.

शेडमध्ये प्रत्येक बाईला नंबर होता. भरलेल्या पेटीच्या कडेला त्या नंबराचा गोल कागद चिकटवायचा, म्हणजे माल बिघडला तर कुणाच्या हातचा ते कळावं. वन्संचा नंबर सात. मालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना सातवाल्या बाई म्हणत. एकदा ह्यांच्या कचेरीतल्या कुणीतरी घरी विचारलं, "तुमच्या ताई म्हणजे त्या सातवाल्या का?" ह्यांना राग आला. वन्सं मात्र दिवसभर खुशीत होत्या.

आणि एक रीत होती. ती मी नीट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

पेटीत सगळ्या नासपतींचे देठ एकाच दिशेला ठेवायचे असतात. देठ टणक असतो. शेजारच्या फळात रुतला की डाग, आणि डागातून सड. पण भरता भरता एखाद्या पेटीची शंका आली, फळ मऊ लागलं किंवा हाताला ऊन वाटलं, तर थांबता येत नाही, पट्टा चालूच असतो. अशा वेळी त्या बायका वरच्या थरात कोपऱ्यातलं एक फळ उलटं लावायच्या. पुढे तपासणाऱ्याला तो उलटा देठ दिसला की त्याने पेटी रिकामी करून बघायची. त्यात ओरडणं, कुणाचं नाव घेणं, भांडण असं काही नसायचं. मालकाला ही रीत ठाऊक नव्हती. तो पेटी उघडायचाच तर फळांकडे बघायचा. देठांकडे बघायला त्याला सवड नव्हती.

वन्संचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, कॉलेजच्या सुट्ट्यांत तिथे पेट्या रचायला जाई. एका दुपारी झाकण लावताना त्याला उलटा देठ दिसला. सुटी व्हायची वेळ झाली होती. त्याने बोटाने ते फळ सरळ केलं, झाकण लावलं आणि वर बाकीच्या पेट्या रचून टाकल्या. वन्संनी पलीकडच्या टेबलावरून ते पाहिलं. त्यांनी त्याला अख्खी चळत उतरवायला लावली, सगळ्यांसमोर. ती पेटी तळाला होती. उघडली तर खालचा थर लगदा. लोडिंगच्या माणसांचा मुकादम तिथे उभा होता. बाराही महिने कानटोपी घालायचा म्हणून त्याला सगळे माकडटोपी म्हणत. तो म्हणाला, "बाई, पोराची अब्रू तरी ठेवा." वन्सं म्हणाल्या, "अब्रूच ठेवतेय."

ही गोष्ट त्यांनी पुढे किती जणांना सांगितली असेल. भाचाही हसून ऐकायचा. त्याचं इंग्रजी माझ्याकडे आणि वळण त्याच्या आईकडे, अशी घरात वाटणी होती. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी त्याच्याकडून पत्रं, अर्ज, निबंध लिहून घेत असे. तो हुशार होता, गोड होता, कुणाचं मन मोडणं त्याला जमायचं नाही. हा शेवटचा गुण आम्ही तेव्हा गुणातच धरला.

तो परदेशी गेला, शिकला, आणि फिरून फळांशीच आला. समुद्रापलीकडच्या बंदरात फळं मागवणाऱ्या एका कंपनीच्या गोदामात तो तपासनीस झाला. रीफर आला की त्याचं सील तोडायचं, दाराजवळच्या पेट्या उघडायच्या, फळं कापून बघायची आणि माल ठेवून घ्यायचा की परत पाठवायचा हे सांगायचं. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा वन्सं म्हणाल्या, "म्हणजे मी इकडून झाकण लावायचं आणि त्याने तिकडून उघडायचं. मायलेकरांच्या मधे समुद्र आहे म्हणायला."

आमच्या मालकाचा माल त्याच कंपनीकडे जायचा. भाचा तिथे आहे हे मालकाला कुठून कसं कळलं कोण जाणे, पण एका हंगामात त्याने वन्संना 'बाई' म्हणणं सोडलं आणि 'ताई' म्हणायला लागला. वन्सं घरी येऊन म्हणाल्या, "आज मला भाऊ झाला, वहिनी. या वयात. आता जपून राहायला हवं."

जपून राहायची वेळ पुढच्याच हंगामात आली. ऐन भरात थंड खोलीचा कॉम्प्रेसर बसला. दुरुस्त झाला, पण तोवर खोलीतला सगळा माल ऊन पडला होता. तो पुन्हा गाभ्यापर्यंत गार व्हायला दिवस लागले असते, आणि बोट थांबणार नव्हती. मालक म्हणाला, भरा.

शेडच्या माल चढवायच्या धक्क्यावर जे बोलणं झालं ते वन्संनी संध्याकाळी मला आवाज काढून सांगितलं, मालकाचा आणि माकडटोपीचाही. फळात खुपसायचा सुईचा थर्मामीटर असतो. तो त्यांनी एका नासपतीत खुपसून मालकापुढे धरला.

"दिसतंय मला, ताई. मी काय आंधळा आहे?"

"मग हे भरायचं कसं?"

"खालून वर. लाल रेषेच्या वर जाऊ नका म्हणजे झालं," माकडटोपी मधेच म्हणाला. रीफरच्या आत भिंतीवर एक लाल रेघ असते. हवा खेळायला तिच्या वर पेट्या रचत नाहीत. सगळे हसले.

"आतून तपकिरी होईल, मालक. वरून कळणारसुद्धा नाही."

"वरून कळणार नाही ना? मग अडतंय कुठे?"

"कापल्यावर कळेल."

"कापणार कोण आहे?" मालक हळूच म्हणाला. "वाढपी ओळखीचा असला की पंगतीत शेवटी बसलं तरी चालतं, ताई. एवढं करा, सगळ्या पेट्यांना सातचाच कागद लावा. पोराला बघून बरं वाटेल."

तापमान नोंदवणारं छोटं यंत्र पेट्यांबरोबर ठेवावं लागतं. ते माकडटोपीने अगदी आतल्या टोकाला ठेवलं, जिथे गार हवा थेट येते, म्हणजे नोंद गारच दिसावी. वन्संनी ते पाहिलं. त्यांनी कागदांची गुंडाळी मागवली आणि पेट्यांना सात नंबर लावायला सुरुवात केली.

"वन्सं, तुम्ही हो म्हणालात?" मी विचारलं.

"म्हणाले."

"तुम्ही?"

"नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणाचा नंबर लावला असता त्याने. माल काही थांबला नसता. त्या पोरींची घरं चालायची आहेत." त्यांनी कप तळहातांत फिरवला. "मी दाराजवळच्या सगळ्या पेट्यांत एकेक देठ उलटा लावलाय. दार उघडलं की तेच आधी दिसणार. तो बघेल, कापेल, माल परत लावेल. मग मालक खापर माझ्यावर फोडील. फोडू दे. मला काढील. काढू दे. पण पुन्हा ऊन फळ भरायची छाती होणार नाही त्याची."

"मग एक फोन करून सांगून टाका ना त्याला."

"कशाला? सांगून केलं तर त्यात त्याचं काय?"

मला हे पटलं नव्हतं. ह्यांना तर मुळीच नाही. ते म्हणाले, "ताई, ही काय परीक्षा आहे?" वन्सं म्हणाल्या, "परीक्षा ज्याचा भरवसा नाही त्याची घेतात."

बोट गेली. नंतरचे आठवडे वन्सं निरोपाच्या तयारीत होत्या. शेडमधल्या नव्या मुलींना त्यांनी कोपऱ्याची फळं कशी बसवायची ते शिकवून टाकलं. हातमोजे धुऊन एकीला दिले. ॲप्रनला ठिगळ लावलं, म्हणाल्या, परत करायचा तर फाटका कशाला. ह्यांना सांगून गॅलरीतला मोडका पलंग ठोकून घेतला.

"काढल्यावर मी काय करणार, माहीत आहे? दुपारी झोपणार. दुपारची झोप चांगली असते असं ऐकून आहे."

"कंटाळाल आठ दिवसांत," हे म्हणाले.

"मग तुझ्या चुका काढीन. त्याला जन्म पुरायचा नाही."

त्या इतक्या मोकळ्या मी त्यांना कधी पाहिल्या नव्हत्या. नोकरी जाणार म्हणून एवढी आनंदात असलेली दुसरी बाई माझ्या माहितीत नाही.

मग एका दुपारी त्या लवकर घरी आल्या. स्वेटर न काढताच गॅलरीतल्या त्या पलंगावर बसल्या. माझ्या हातात भाजी होती, मी तशीच उभी राहिले.

"पास केला," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"सगळा माल ठेवून घेतला. एक पेटी परत नाही. मालकाने पेढे वाटले. माझ्यासाठी काचेची केबिन करणार आहे, खुर्ची ठेवणार आहे. म्हणाला, ताई, तुम्ही आता उभं राहायचं नाही."

त्यानंतर त्या मुलाच्या वतीने कारणं शोधत राहिल्या. तो रजेवर असेल. त्या दिवशी दुसऱ्या गोदामात पाठवलं असेल. दुसऱ्याच कुणी दार उघडलं असेल, त्याला देठाचं काय कळणार. आजारी तर नसेल? मी हो हो म्हणत होते. त्यांनी स्वतःहून फोन केला नाही. तो रविवारी सकाळी करायचा, तेव्हा रविवारची वाट पाहिली. थंड खोल्यांच्या पंख्यांनी त्यांचे कान गेले होते, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर ठेवावा लागे. त्यामुळे मला ऐकायचं नव्हतं तरी ऐकावं लागलं.

इकडचं तिकडचं झालं. मग वन्संनी विचारलं, "आपल्या शेडचा रीफर कुणी उघडला रे?"

"मीच की. जिकडे तिकडे सात, सात. म्हटलं आईने अख्खी बोट एकटीने भरली की काय."

"देठ बघितलास?"

"बघितला."

"कापलंस?"

"एक कापलं. तपकिरी होतं."

"मग?"

"मग काय, आई. परत लावला असता तर तुला काढलं असतं. तुझा नंबर होता ना सगळ्यावर. मला वाटलं तू तेच सांगतेयस, सांभाळून घे म्हणून."

"मी तुला जन्मात कधी सांभाळून घे म्हटलंय?"

"मग नंबर लावलास कशाला?"

तो पुढे समजुतीच्या सुरात बोलत राहिला. तिथे फार काही होत नाही, गिऱ्हाईक एखादं फळ कापतं, खराब निघालं तर फेकतं आणि दुसरं घेतं. लांबच्या छोट्या दुकानांत असा माल खपून जातो. साहेबालाही स्वस्तात पडला, तो खूश आहे. "तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्यासाठी केलं मी."

"तू खाल्लंस का त्यातलं?" वन्संनी विचारलं.

"काय?"

"त्या पेटीतलं एखादं. खाल्लंस का?"

"नाही गं."

"बरं," असं म्हणून त्यांनी फोन माझ्या हातात दिला. तो बंद कसा करायचा ते त्यांना येत होतं, पण त्या दिवशी नाही आलं.

त्यांनी काम सोडायचं ठरवलं आणि मालकाला तसं सांगितलंही. मालकाने त्यांना नव्या खुर्चीत बसवलं, दार लोटून घेतलं. आवाज न चढवता म्हणाला, "जा की, ताई. पण लोक विचारतील, सातवाल्या बाई का गेल्या? मग इकडचं निघेल, तिकडचं निघेल. पोराचं तिथे आत्ता कुठे बस्तान बसतंय." वन्सं खुर्चीत बसून राहिल्या.

ती केबिन मी एकदा पाहिली, डबा द्यायला गेले होते तेव्हा. तीन बाजूंनी काच, आत एक टेबल, त्यावर काही नाही. काचेतून सगळी शेड दिसायची आणि शेडला त्या दिसायच्या. दुकानाच्या दर्शनी भागात पुतळा ठेवतात तशा. त्यांना आत काहीच काम नव्हतं. पेट्यांवर सातचे कागद दुसऱ्याच मुली लावत होत्या. गार झालेला माल इतर नंबरांखाली इतर देशांना जायचा, आणि घाईतला, उरलेला, ऊन माल सात नंबरखाली भाच्याकडे. सुरुवातीला एका मुलीने सवयीने देठ उलटा लावला होता. माकडटोपीने तो तिच्यादेखत सरळ केला. "सातवाल्या बाईंचा माल आहे, पोरी. तो कोण तपासतंय?" हळूहळू ती रीतच गेली. बायका वन्संशी अदबीने बोलायला लागल्या, म्हणजे बोलेनाशाच झाल्या. पाठीमागे म्हणायच्या, बाईंचं काय, त्यांचा वशिला समुद्रापार आहे.

वन्सं घरी आल्या की आता कप तळहातांत धरत नसत. केबिनमध्ये हीटर होता. चहा गरम असतानाच पिऊन टाकायच्या आणि कप लगेच विसळून ठेवायच्या. त्याच दरम्यान हे गेले. तेराव्याला मालक स्वतः आला, वन्संच्या पायाशी बसला. "ताई, मी आहे," म्हणाला. वन्सं म्हणाल्या, "तेच तर."

दुसऱ्या हंगामाच्या शेवटी भाचा रजा घेऊन आला. आता तो तिथला मुख्य तपासनीस झाला होता. माझ्यासाठी शाल, आईसाठी लोकरीचे उंची हातमोजे. घरात शिरल्या शिरल्या त्याने मामाच्या फोटोला नमस्कार केला आणि खरोखर रडला. तो वाईट मुलगा नव्हता. हे मी पुन्हा पुन्हा लिहिते, कारण वाईट असता तर वन्संना सोपं गेलं असतं.

जेवण झालं. वन्सं उठल्या आणि एका ताटलीत तीन नासपती आणि सुरी घेऊन आल्या. शेडमधून त्यांनीच आणल्या होत्या, त्या दिवशीच्या सात नंबरच्या मालातून. दोन फळांचे देठ त्याच्याकडे आणि तिसऱ्याचा उलट. ताटली त्यांनी त्याच्यापुढे ठेवली आणि समोर बसल्या. मला कळलं, आणि मी आवराआवर करायची थांबले.

तो नव्या घराबद्दल सांगत होता. दोन मजले आहेत, मागे थोडी हिरवळ आहे, आई आणि मामी आल्या तर त्यांच्यासाठी खालची खोली. बोलता बोलता त्याने ताटलीकडे पाहिलं. बोट पुढे केलं आणि तिसरं फळ सरळ केलं. तिन्ही देठ एका ओळीत आले. "छान आहेत, आई, पण पोट भरलंय. उद्या खातो," म्हणाला आणि पुन्हा हिरवळीच्या गोष्टीकडे वळला.

त्याने मुद्दाम केलं का नकळत, ते मला सांगता येणार नाही. नकळतच केलं असावं, हाताला सवय असते तसं. वन्सं ताटली उचलून आत घेऊन गेल्या. मी मागे गेले. त्यांनी ते तिसरं फळ ओट्यावर उभं चिरलं. आतून तपकिरी होतं. त्यांनी दोन्ही फोडी कचऱ्यात टाकल्या आणि सुरी धुतली.

"चळत उतरवायला लावली होती मी," त्या म्हणाल्या. "सगळ्यांसमोर. आठवतं ना तुम्हाला?"

"आठवतं."

"त्याला नाही आठवत, वहिनी."

भाचा परत गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी वन्सं शेडमध्ये गेल्या नाहीत. दोन दिवसांनी मालक घरी आला. मी चहा टाकला. वन्सं म्हणाल्या, "खुर्ची चांगली होती, मालक. आता दुसऱ्या कुणाला बसवा."

"आणि पोराचं?"

"त्याचं तो बघेल. दोन मजल्यांचं घर आहे त्याचं."

मालकाने थोडी वाट पाहिली. मग तो उठला तेव्हा वन्संनी एवढंच सांगितलं, "माझा नंबर बंद करा." मालक म्हणाला, "हो हो, ताई, लगेच." चहाला त्याने हातही लावला नाही.

बाहेर काही निघालं नाही. इकडचंही नाही आणि तिकडचंही नाही. ज्या धाकाने त्या दोन हंगाम खुर्चीत बसल्या, त्या धाकात काही दम नव्हता, कारण कुणालाच काही जाणून घ्यायचं नव्हतं. वन्संना हे कळलं आणि ते त्यांना सगळ्यात जास्त लागलं असावं. रविवारी फोन यायचा. त्या हवा सांगायच्या, तब्येत सांगायच्या, जेवलास का विचारायच्या आणि फोन माझ्याकडे द्यायच्या. दुपारी त्या गॅलरीतल्या पलंगावर आडव्या व्हायच्या, डोळे उघडे ठेवून. एकदा म्हणाल्या, "दुपारच्या झोपेचं उगाच कौतुक ऐकलं होतं."

त्या थंडीत त्या गेल्या. भाचा आला. सगळं झाल्यावर माझ्याजवळ बसून म्हणाला, "मामी, आईला शेवटी शेवटी काय झालं होतं? माझ्याशी मोकळं बोललीच नाही. मी काही चुकलो का?"

माझ्या ओठांवर आलं होतं. पण सांगून कळलं तर त्यात त्याचं काय, हे वन्संचेच शब्द होते. मी म्हटलं, "दमल्या होत्या रे." त्याने माझे हात हातात घेतले. त्याचे हात ऊबदार होते.

बोट चुकलेला माल कधी कधी इथल्याच दुकानांत येतो. परवा कोपऱ्यावरच्या फळवाल्याकडे त्या शेडच्या पेट्या लागलेल्या दिसल्या. कडेला गोल कागद, त्यावर सात. मी त्याला एक पेटी उघडायला सांगितली. तो म्हणाला, "घ्या आजी, डोळे मिटून घ्या. सात नंबरला बाहेर फार मागणी आहे."

त्याने झाकण काढलं. सगळे देठ एकाच दिशेला होते. मी कोपरे पाहिले, मग खालचा थर काढून पाहिला. एकही उलटा नव्हता.